सात नियमांचा भोंगा

यवतमाळ जिल्ह्यातल्या पोट्ट्यानं दिवाळी अंकात लिहिलं म्हणजे तुम्ही आधी रुमाल काढता, मले माहीत हाय. ठेवा तो खिशात. कापसाचं रडगाणं लिहाले दुसरे लय हायत, अन् त्याईचं अक्षरही माह्यापेक्षा चांगलं हाय. बरं, लेखक नकलाकार हाय हे वाचून काही जण हसाची तयारी करून बसले असतीन. त्याईनंही जरा दम धरा. अन् ज्यू धर्माचं काही येणार हाय म्हटल्यावर ज्यायच्या डोळ्यापुढं उंट, वाळवंट अन् लढाया आल्या, त्यायची तं मले कीवच येते. माह्या गोष्टीतला ज्यू एसटीनं फिरे. गाडी लागते म्हणून खिशात लिंबू ठेवे, अन् डब्यात भाकर अन् बटाट्याची भाजी.

आणखी एक. असे लेख रिटायर माणसं लिहितात. मी रिटायर झालो नाही. रिटायर व्हाले आधी परमनंट व्हावं लागते.

माहा धंदा आवाजाचा. शाळेत असताना मुख्याध्यापकाचा आवाज काढून पुऱ्या शाळेले सुटी देल्ली होती, तेव्हापासून चालू हाय. नकल म्हणजे नुसता आवाज काढणं नाही. आवाज तं पोपटही काढते. माणूस बोलाच्या आधी श्वास कुठं घेते, कुठल्या शब्दावर अडते, ते धरा लागते. ते धरलं का आवाज आपोआप मागं येते. पांढरकवड्याच्या ऑर्केस्ट्रात मी दोन गाण्यायच्या मधात नकला करो. बाकी दिवस ऑटोवर भोंगा लावून अनाउन्सिंग. सर्कस आली, सेल लागला, कोणाची गाय हरवली, सगळं माह्या तोंडून. भोंग्याचाही कायदा असते. आटाचक्कीपासून सुरू कराचं, कारण तिथं बाया दळणासाठी थांबून असतात. वळणावर ऑटो हळू कराचा. अन् मुद्द्याचं नाव शेवटी घ्याचं, म्हणजे माणूस घराबाहेर येऊन उभा राह्यते.

मंग ते कापसाचे वाईट साल आले. पऱ्हाटीवर, म्हणजे कापसाच्या झाडावर, लाल्या रोग, बोंडात अळी, अन् बाजारात भाव नाही. कापूस नाही तं लग्न नाही, लग्न नाही तं ऑर्केस्ट्रा नाही, अन् ऑर्केस्ट्रा नाही तं मी घरी. तेवढ्यात एझ्राकाका आले.

काका ठाण्याकडचे. बेने इस्रायली, म्हणजे पिढ्यान् पिढ्या कोकणात राहून मराठीच बोलणारे ज्यू. टेलिफोन खात्यात असताना कधीकाळी पांढरकवड्याले त्याईची बदली झालती. रिटायर झाल्यावर ते परत आले, अन् माह्या बापाच्या तेलाच्या घाण्यामागची खोली भाड्यानं मागाले लागले. बापानं विचारलं, "तुम्ही कोण लोक?"

काका म्हणाले, "आमचे वाडवडील कोकणात तेल काढायचे. शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून लोक आम्हाला शनिवार तेली म्हणायचे."

बाप खुर्चीवरून उठलाच. "म्हणजे आपलेच भाऊबंद होय ना बाप्पा!" खोली तिथल्या तिथं देल्ली. वर आईले म्हणे, "आपणही शनवारी घाणा बंद ठेवाव का?"

आई म्हणे, "तुमचा तं आठवडाभर बंदच असते. शनवारी चालू ठेवून पाहा."

काकायचं काम आयकून मी आधी लय हसलो. ते गावोगाव जाऊन लोकायले सात गोष्टी सांगणार होते. मोठा पूर आला, दुनिया बुडाली, नोहा नावाचा एक माणूस नावेत वाचला, अन् त्याच्या पोराबाळायपासून आपण सगळे झालो. त्या नोहाच्या सगळ्या लेकरायसाठी देवाचे सात नियम हायत, असं त्याईच्या धर्मात सांगतात. देव एक माना. त्याले शिव्याशाप देऊ नका. खून करू नका. चोरी करू नका. परक्या बाईवर अन् नात्यात वाईट नजर टाकू नका. जित्या जनावराचा लचका तोडून खाऊ नका. अन् सातवा, गावात न्याय करणारे पंच बसवा. बस. हे साती पाळणारा माणूस कोणत्याही जातीचा असो, देवाच्या घरी तो चांगलाच, असं काका म्हणत.

गंमत म्हणजे, कोणी ज्यू व्हाव असं काकायले बिलकुल वाटत नसे. मुकुटबनात एक पानठेलेवाला मागंच लागला. "काका, मले करा नं ज्यू. मंग ते ठिबक पाहाले इस्रायलले नेतात का?"

काका म्हणाले, "अरे बाबा, आम्हाला सहाशे तेरा नियम आहेत. तुझं सातात भागतंय. कशाला डोक्याला ताप करून घेतोस?"

गिऱ्हाइकाले दुकानातून परत धाडणारा दुकानदार मी पह्यल्यांदाच पाह्यला.

काकायनं मले रोजीनं सोबत घेतलं. माहं काम दोन गोष्टीचं. गावात भोंगा फिरवाचा, अन् काकायची ठाण्याची मराठी लोकायले आपल्या बोलीत सांगाची. काकायची एक पद्धत होती, ते देवापासून कधीच सुरू करत नसत. पारावर बसले का सहावा नियम आधी काढत, जनावराचा. ते म्हणत, "देवाबद्दल प्रत्येकाला वाटतं आपल्याला माहीत आहे. जनावराबद्दल मात्र गावातला माणूस खरं बोलतो."

अन् खरंच लोक बोलत. एका गावात एक म्हातारा म्हणे, "आमी कोंबडी पुरी मारूनच खातो हो साहेब, जित्तीचा पाय नाही तोडत." सगळे हसले. मंग तोच म्हणे, "पण उपाशी बैल वखराले जुंपला, तं ते जित्याचंच खाणं नव्हे का?" काकायनं डोक्यावरची गोल टोपी सावरली अन् त्याले हात जोडले. मले म्हणाले, "बघ, मला जे सांगायचं होतं ते यांनीच मला सांगितलं."

मूर्तीचा विषय निघाला का मी माइकची वायर गुंडाळाले लागो. कोणीतरी विचारेच, "मंग आमच्या मारोतीचं काय करू?" काका म्हणत, "तुमच्या पारावर बसून तुमच्या मारुतीला नावं ठेवायला मी आलो नाही. मला विचाराल तर देव एक, आणि त्याला रूप नाही. पटलं तर घ्या, नाही पटलं तर उरलेल्या सहांचं बोलू." ते इतकं सरळ बोलत का भांडाले आलेला माणूस बिडी पेटवून बाजूले बसे.

पण लोक किती येत? चार म्हातारे, एक पिलेला, अन् भोंग्याच्या मागं धावणारी लेकरं. काका त्या चारायशीही असे बोलत जसं मैदान भरलं हाय. त्याईले काही वाटत नसे. मले वाटे. माह्या भोंग्यावर सर्कसचे तंबू भरले होते, अन् इथं चाराचे पाच डोके होत नव्हते. इज्जत माही जाऊन राह्यली होती.

मुकुटबनच्या पलीकडं एक गाव हाय, लागून बंजाऱ्यायचा तांडा. तिथं मी ठरवलं का आज पार भरूनच दाखवाचा.

त्या काळात रेडिओवर सकाळ-संध्याकाळ शेतीचा कार्यक्रम लागे. त्यातल्या निवेदकाचा आवाज जिल्ह्यातल्या शेंबड्या पोरालेही माहीत. जड, संथ, अन् 'शेतकरी बंधूंनो'च्या आधी एक लांब श्वास. मी त्याच आवाजात भोंगा सुरू केला. "शेतकरी बंधूंनो आणि भगिनींनो... ठिबक सिंचनाच्या देशाशी नातं असलेले... इस्रायली काका... आज सकाळी पारावर... आपल्याशी बोलणार आहेत." एवढंच. कापसाचा शब्द काढला नाही. खोटं एक अक्षर बोललो नाही. काका बसस्टॉपवर चहा पेत होते, त्याईले दुरून नुसता सूर आयकू आला असन, शब्द नाही, अन् आवाज माहा हाय हे कळलं नसन. रेडिओ चालू हाय वाटलं असन त्याईले.

पार भरला. आजूबाजूच्या रस्त्यावर माणसं उभी. तांड्याचे प्रमुख हरचंद नायक फेटा बांधून आलेले. बायाही आल्या, कापूस वेचून टाकाच्या ओट्या कमरेले तशाच बांधलेल्या. मी काकायकडं असं पाह्यलं, जसं लग्नात नवरदेवाचा मामा ऐटीत पाह्यते.

काकायनं बैलापासून सुरू केलं. चोरीवर आले. त्या दिवशी ते रंगातच होते. म्हणाले, "चोरी म्हणजे फक्त वस्तूची नव्हे. आमचे जाणते लोक म्हणत, माणसाचं मन चोरणं ही पण चोरीच. समोरच्याला भलतीच आशा लावायची आणि त्याला आपल्या दारात आणून उभं करायचं, हेसुद्धा घरफोडीसारखंच." मी हे आपल्या बोलीत सांगितलं. आवाज जरा बारीक निघाला, पण सांगितलं.

साती नियम झाले. मंग पुढच्या रांगेतून एक बाई उठली. सुमनबाई तिचं नाव. नवरा नागपूर-हैदराबाद रोडवर ट्रक चालवे, वावर ही एकटी पाहे. हातात पऱ्हाटीचं उपटलेलं झाड, पानं लालभडक.

म्हणे, "काका, लय चांगलं बोललात. आता कापसाचं सांगा."

काका म्हणाले, "कापसाचं काय?"

"हेच. याले काय कराचं? तुमच्या देशात काय करतात?"

काकायनं झाड हातात घेतलं, उलटंपालटं करून पाह्यलं, परत देल्लं. "बाई, मी ठाण्याचा. मला कापसातलं काही कळत नाही."

सुमनबाईनं वर पाह्यलं. आभाळ भरून आलतं. म्हणे, "माहा कापूस फुटून उभा हाय वावरात. आज वेचा होता. तांड्याच्या बाया बोलावल्या होत्या, त्या सगळ्या इथं. मी बी इथं. भोंग्यानं बोलावलं म्हणून. आता पाणी आलं तं?"

काकायनं माह्याकडं पाह्यलं. मी माइकच्या वायरकडं पाह्यलं.

संध्याकाळी पाणी आलंच. लय नाही, पण फुटलेला कापूस भिजाले लय पाणी लागत नाही. भिजला का पिवळा पडते, मातीले लोंबते, अन् व्यापारी हात लावून बाजूले सारते. त्या साली तिच्या वावरात जे काही बरं पिकलं होतं ते तेवढंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी काका नायकाच्या घरी गेले. मी मागं मागं. काका म्हणाले, "नायक, सातवा नियम मी काल सांगितला. पंच बसवा. माझा न्याय करायचाय."

नायकाले हसू आलं. "तुमचा? बोलावलं या पोट्ट्यानं. तुमी कायले उभे राहता?"

"आवाज त्याचा, नाव माझं. माझ्या नावावर लोक आले. चोरी माझ्या नावावर झाली."

तसे पारावर पंच बसले. नायक, आटाचक्कीवाला अन् तांड्यातली एक म्हातारी. सुमनबाई समोर. मी जोरात म्हटलं, "मी कापसाचं नावच घेतलं नाही! कोणालेही विचारा!" अन् ते खरंच होतं. चक्कीवाला म्हणे, "हे बी बरोबर हाय. शब्द तं नव्हता."

नायकानं दाढी खाजवली. मंग मले म्हणे, "जसं काल बोलला तसंच बोलून दाखव."

पुरावा म्हणून मले माहीच नकल कराले लावली. मी श्वास घेतला. "शेतकरी बंधूंनो आणि भगिनींनो..." अन् सांगतो तुम्हाले, पाराच्या कडेले तीन म्हातारे बसले होते, ज्याईले पुरी गोष्ट माहीत होती, तेही तिघं कान देऊन पुढं सरकले. खताचं काही सांगणार हाय असं तोंड करून.

नायक म्हणे, "झालं. शब्द कायले पाह्यजे?"

पंचातली म्हातारी हसली. "बह्याड पोट्टं हाय ते, सोडा त्याले." मले सुटल्यासारखं वाटलं. खरंच लय हलकं वाटलं. नायकानं काकायले विचारलं, "तुमीच म्हणता चूक तुमची, तं सांगा, कशी भरता?"

काका म्हणाले, "चूक माझी. यांचा वेचा माझ्यामुळे राहिला. तो मी वेचून देतो."

लोक म्हणाले जाऊ द्या. सुमनबाईही म्हणे, "म्हातारा माणूस, कुठं वेचते!" काका आयकेनात. ऊन पडून कापूस जरा सुकला तसे ते ओटी बांधून, झाडायच्या दोन ओळीमधला पाट धरून उभे राह्यले. डोक्यावर ती गोल टोपी, पायात शहरातले बूट.

कापूस वेचणं सोपं दिसते. सुकल्या बोंडाची टोकं सुईसारखी असतात. नवा माणूस बोंड धरते अन् बोटं फाडून घेते. बाया शिकवत, "काका, बोंडाले धरू नका, कापसाले धरा. आंगठा आत घालू नका." तरी त्याईच्या नखायच्या बाजूनं रक्त येई, अन् एका झाडाशी ते इतका वेळ उभे राहत का बाया पाट संपवून परत येत. शुक्रवारी दुपारीच ते निघत, शनवारी दिवसभर घाण्यामागच्या खोलीत, अन् रविवारी पह्यल्या एसटीनं परत वावरात. पुरा वेचा होईपर्यंत असंच चाललं.

अन् जे पारावर भोंगा लावून झालं नाही, ते त्या पाटात झालं. बाया वेचता वेचता एक एक नियम विचारत. सुमनबाई बौद्ध. ती म्हणे, "आमच्या पंचशीलात पाच हायत, तुमचे दोन जास्त कसे?"

काका म्हणाले, "पण तुमचे पाच कडक आहेत. माझ्या सातांत दारूचं नाव नाही."

तशा सगळ्या बाया वेचणं सोडून उभ्या राह्यल्या. तांड्यातली एक जण म्हणे, "मंग आठवा लावा नं काका! दारूचा लावा!"

"मला लावायचा अधिकार असता ना बाई, तर आजच लावला असता."

अन् मी? मी धुऱ्यावर, वावराच्या बांधावर, बसून होतो. पंचायनं मले सोडलंच होतं ना. बायायले हसवाले मी तिथूनच नकला करो. नायकाची, चक्कीवाल्याची, अन् काकायची तं लय चाले. ते खाकरून 'अरे बाबा' म्हणत, ते. बाया हसत. काकाही हसत. एकदा त्याईनं कंबर धरून माह्याकडं पाह्यलं अन् म्हणाले, "हा पाट मोकळा आहे रे." मी म्हटलं, "काका, माह्या हातात ताकद नाही, सगळी गळ्यात हाय." ते परत वाकले. माणसाले आयुष्यात लय काही बोलावं वाटते अन् सुचत नाही. मले ते सुचलं, अन् मी बोललो.

वेचा संपला. मी म्हटलं, "काका, पुढचं गाव कोणतं? पाटणबोरीकडं जाऊ?"

ते म्हणाले, "पुढच्या गावात कोणत्या तोंडानं सांगू, चोरी करू नका म्हणून?"

"पण तुम्ही तं भरून देल्लं."

"भरून दिलं म्हणजे झालं नव्हतं असं होत नाही."

खोली रिकामी केली. बाप रडाले आला. मी स्टँडवर सोडाले गेलतो. पुऱ्या रस्त्यानं मी वाट पाहून राह्यलो का आता हे मले झापतीन. माह्या बापानं झापलं असतं, कोणीही झापलं असतं. शेवटी मीच म्हटलं, "काका, एखादी शिवी तं द्या." ते हसले. खिशातून लिंबू काढून नाकाशी धरलं अन् म्हणाले, "तुझा आवाज फार चांगला आहे रे." अन् गाडीत बसले. ते परत आले नाहीत. पुढं ठाण्याहून कोण्या नातेवाइकाचा बापाले फोन आला का काका गेले. वार शनवार नव्हता, तरी बापानं त्या दिवशी घाणा बंद ठेवला.

मंग साल जरा बरे आले. लग्नं लागाले लागली, ऑर्केस्ट्रा उभा राह्यला. नकलांमधी मले नवीन काही पाह्यजे होतं. मी काका काढले. गोल टोपी, खिशातलं लिंबू, खाकरणं, 'अरे बाबा, तुझं सातात भागतंय'. लोक पोट धरून हसत. वणी, उमरखेड, जिथं जाओ तिथं ते मागत. माह्या नावावर ती नकल चालली.

पांढरकवड्याच्या एका लग्नात मी टाळ्या घेऊन खाली उतरलो, तं जेवणाच्या मांडवामागं सुमनबाई उभी. पदर खोचलेला. मले वाटलं ती हसून राह्यली. ती हसत नव्हती.

"झाली नकल?"

म्हटलं, "झाली काकू. कशी वाटली?"

"टोपी बरोबर. लिंबू बरोबर. खाकरणं तं असं, का माह्या आंगावर काटाच आला. अन् पंचायपुढं उभं राहून तो म्हातारा जे म्हणला, ते कुठं गेलं?"

"कोणतं?"

"'चूक माझी.' हे कायले गाळलं?"

मी म्हटलं, "काकू, त्यात हसाचं काय हाय?"

"हसाचं नाही म्हणून फेकून देल्लं? त्याच्या बोटायले रक्त येऊन राह्यलं होतं अन् तू धुऱ्यावर बसून आमाले हसवत होता. आमीही हसलो, आमालेही लाज नाही. पण त्यानं तुहं नाव घेतलं का कुठं? एका शब्दानं घेतलं का? तुहा भोंगा आपल्या डोक्शावर घेऊन गेला तो माणूस, अन् तू त्याच्या खाकरण्यावर लग्नाचे लाडू खाऊन राह्यला! त्याले काढाचं तं पुरा काढ, नाही तं त्याची टोपी उतरव डोक्यावरून. आत्ता उतरव. अन् मान खाली घालून उभा राहू नको, मले तुही ते बी नकलच वाटते. सोमवारी वेचा हाय माह्याकडं. धुऱ्यावर बसाले येत असशीन तं येऊ नको."